पडदा नसलेला ठिपका

पेशीची आकृती काढताना केंद्रकातला गडद ठिपका शेवटी काढतात. केंद्रकी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवते, आणि दरवर्षी फळ्यावर हा ठिपका खडू दाबून घोटते. बाकीच्यांना कडा असतात. केंद्रकाला दुहेरी पटल, तंतुकणिकेला दुहेरी पटल, रिक्तिकेला एकेरी. ठिपक्याला कड नाही, तो नुसता भरायचा. एकदा जांबोटीकडून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्याला पडदाच नाही, मग आतलं पसरत कसं नाही? कोण धरून ठेवलंय त्याला?"

तो प्रश्न मी अजून सोडलेला नाही. पेशीविज्ञानातलं अलीकडे जे काही हाताला लागतं ते मी वाचते, आणि त्यातला मोठा भाग या ठिपक्याच्या आसपासच फिरत असतो.

फेलिचे फोंताना या इटालियन अभ्यासकानं १७८१ मध्ये ईल माशाच्या कातडीवरच्या बुळबुळीत स्रावातल्या पेशी पाहिल्या, आणि केंद्रकाच्या पोटातला ठिपकाही टिपून ठेवला. पुढे कळलं की प्रथिनं बनवणारे रायबोझोम इथं जुळवले जातात, म्हणजे पेशीतल्या सगळ्या कारखान्यांचा हा कारखाना. त्याचं काम कळलं, रसायन बरंचसं कळलं. तो एकसंध कसा राहतो याकडे मात्र फार कुणी वळलं नाही. पेशीत वेगळेपणा म्हणजे पटल, हे इतकं पक्कं बसलं होतं की पटल नसलेल्या गोष्टी 'कण' किंवा 'पिंड' असं म्हणून बाजूला ठेवल्या जात.

दिशा मिळाली ती एका कृमीमुळे. सी. एलिगन्स हा मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. तो पारदर्शक असल्यामुळे त्याच्या भ्रूणात चाललेलं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसतं. त्याच्या फलित अंड्यात प्रथिनं आणि आरएनए (जनुकातला मजकूर उतरवून घेतलेला लांब धाग्यासारखा रेणू) यांचे 'पी-कण' असतात. पहिल्या विभाजनाआधी ते अंडभर विखुरलेले असतात, नंतर फक्त मागच्या बाजूला उरतात, आणि त्या बाजूच्या पेशींतून पुढे अंडी-शुक्राणू तयार होतात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत टोनी हायमन यांच्या प्रयोगशाळेत क्लिफ ब्रँगविन हे तरुण संशोधक होते, भौतिकशास्त्राच्या वळणाचे. फ्रँक युलिशर या भौतिकशास्त्रज्ञांची साथ होती. त्यांनी पाहिलं की कण पुढून मागं चालत जात नाहीत. पुढच्या बाजूचे विरघळतात आणि मागच्या बाजूला नवे जमतात. दोन कण भेटले की एक होतात, आणि एक झालेला पुन्हा गोल होतो. केंद्रकाला चिकटलेले कण ताण बसला की ओघळतात, त्यांचे थेंब तुटून पडतात. घट्ट वस्तू असं वागत नाही. ते द्रव होते, पाण्यापेक्षा शेकडो पटींनी दाट, ग्लिसरीनच्या जातीचे. हा शोधनिबंध २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला, आणि २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक हायमन आणि ब्रँगविन यांना त्यासाठी मिळालं.

२०११ मध्ये ब्रँगविन यांनी बेडकाच्या अंड्यातली केंद्रकीही अशीच वागते हे दाखवलं. २०१६ मध्ये तर असं दिसलं की केंद्रकी म्हणजे एकात एक बसलेले थेंब आहेत. आतला आणि बाहेरचा, दोन्ही द्रव, पण पृष्ठताण वेगळा, म्हणून एकमेकांत मिसळत नाहीत. रायबोझोमचा आरएनए आतल्या भागात तयार होतो आणि बाहेरच्या थरांतून जाता जाता घडवला जातो. जांबोटीच्या मुलीनं विचारलेल्या 'कोण'चं उत्तर असं आहे: आतलेच एकमेकांना धरून आहेत.

हे धरणं कसलं, ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथं आहे. शाळेत आपण प्रथिनाची घडी शिकतो. लांब साखळी एका ठराविक आकारात दुमडते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. पण पुष्कळ प्रथिनांत काही भाग असे असतात की ते दुमडतच नाहीत, सैल लोंबत राहतात. अमिनो आम्लं म्हणजे या साखळीचे मणी, आणि सैल भागांत त्यांतली तीच ती दोन-चार पुन्हापुन्हा येतात. टायरोसिन आणि अर्जिनिन एकमेकांना ओढतात. अर्जिनिनवर धन भार, आरएनएच्या लांब धाग्यावर ऋण भार, म्हणून तेही एकमेकांकडे जातात. यातली एकेक ओढ क्षीण असते, क्षणात जुळते आणि क्षणात सुटते. पण एका साखळीवर अशा कितीतरी जागा असल्या तर साखळ्या एकमेकींत गुंततात. अमेरिकेत डॅलसला मायकेल रोझेन यांच्या गटानं २०१२ मध्ये हे साध्या रीतीनं दाखवलं. प्रथिनावर जुळणाऱ्या जागा जितक्या जास्त, तितक्या कमी प्रमाणात थेंब तयार होतात.

वर्गात मी आठवडी बाजाराचं उदाहरण देते. खानापूरच्या बाजाराला भिंत नाही, फाटक नाही, तरी बाजार कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे लांबून कळतं. नंदगडचा माणूस येतो, पिशवी भरतो, जातो. त्या जागी गर्लगुंजीचा उभा राहतो. माणसं बदलतात, बाजार तोच. पाल ठोकून बसलेले विक्रेते उठले तर मात्र बाजारच उठतो, कारण बाकीचे त्यांच्यासाठी आलेले असतात. थेंबातही अशी काही प्रथिनं असतात, त्यांच्यावाचून थेंब जमतच नाही, उरलेली पाहुणी. उदाहरण एका जागी तोकडं पडतं. बाजाराचा वार ठरलेला असतो, आणि थेंबाचा मुहूर्त प्रमाणावर ठरतो. प्रथिन एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर ते सगळीकडे सारखं पसरलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की वाढीव प्रथिन थेंबांत जातं आणि बाहेरचं प्रमाण त्या मर्यादेशीच थांबतं. ही मर्यादा पेशी वरखाली करू शकते. प्रथिनावर फॉस्फेट चिकटवलं, काढलं, आरएनए वाढवला, कमी केला की थेंब जमतो किंवा विरतो. भिंत बांधायला वेळ लागतो, पाडायलाही लागतो. इथं दोन्ही कामं काही मिनिटांत होतात.

आतली ये-जा तपासायची एक सुंदर पद्धत आहे. प्रथिनाला चमकणारं शेपूट जोडायचं आणि थेंबाच्या एका भागावर लेसरचा झोत मारून तिथली चमक विझवायची. मग वाट पाहायची. थेंब द्रव असेल तर आजूबाजूची न विझलेली प्रथिनं तिथं सरकतात आणि विझलेला भाग पुन्हा उजळतो. घट्ट असेल तर तो काळाच राहतो.

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना तो झाडांसाठी माहीत, पण एके काळी तिथं देवीची लस तयार होत असे आणि नाव त्यावरून राहिलं. या गावात वाढलेल्या माझ्या पिढीला लस म्हटलं की आणखी एक भीती आठवते, कुत्रं चावल्यावर पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि दंडात घ्यायची सुरक्षित लस आली. हे इथं आणण्याचं कारण असं की रेबीजचा आणि आपल्या ठिपक्यांचा जवळचा संबंध आहे, आणि तो फार उशिरा उघड झाला.

आदेल्की नेग्री या इटलीतल्या पाविआच्या डॉक्टरानं १९०३ मध्ये रेबीजनं मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूतल्या चेतापेशींत गोल पिंड पाहिले. त्यांना वाटलं, हा रोग करणारा एकपेशीय परजीवीच असावा. तसं नव्हतं, रोग विषाणूचा होता. पण पिंडांना 'नेग्री बॉडीज' हे नाव राहिलं आणि पुढे कित्येक दशकं निदान त्यांच्यावर चाललं. संशयित कुत्र्याच्या मेंदूचा काचेवर लेप, त्यावर रंग, मग सूक्ष्मदर्शकाखाली ते पिंड शोधायचे. काही बाधित मेंदूंत ते दिसतही नसत, म्हणून नंतर अधिक खात्रीची चाचणी आली. हे पिंड म्हणजे विषाणूची मुकाट पडलेली रास, असं बराच काळ मानलं जात होतं. मग कळलं की विषाणूच्या आरएनएच्या नव्या प्रती त्यांच्यातच तयार होतात, आणि २०१७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ते द्रव आहेत. तसेच गोल, तसेच एकमेकांत मिसळणारे, ताणाखाली आकार बदलणारे. विषाणूची दोन प्रथिनं पेशीत एकत्र आली तरी असे थेंब जमतात.

मला हे वाचताना सुन्न व्हायला झालं होतं. ज्या पिंडांकडे बोट दाखवून माणसांनी इतकी वर्षं 'रेबीज आहे' म्हटलं, ते विषाणूचे चालू कारखाने होते, आणि ते त्यानं आपल्याच पेशीतल्या भौतिकशास्त्रावर उभे केले होते. इतक्या तुटपुंज्या जनुकांच्या विषाणूला पटलं बांधणं परवडणारं नाही. थेंब परवडतो. (आमच्याकडे अजूनही कुत्रं ओरखडलं की हळद भरणारे आहेत. जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, हे मी प्रत्येक इयत्तेला सांगते. लक्षणं सुरू झाल्यावर हा रोग जवळपास कुणालाच सोडत नाही.)

पेशी स्वतःही संकटात थेंब वापरते. ताप चढला, विषारी रसायन लागलं की काही मिनिटांत पेशीद्रव्यात ताणकण जमतात. नवी प्रथिनं बनवण्याचं काम थांबलेलं असतं, आणि त्याचे अर्धवट राहिलेले आरएनए-संदेश त्यांत जाऊन बसतात. संकट ओसरलं की कण विरतात.

यातला मला सगळ्यात प्रिय भाग बियांचा आहे. बेळगाव-खानापूरच्या भाताच्या पट्ट्यात रोहिणीत धूळवाफ पेरणी होते. जमीन कोरडी असते, बी मातीत टाकायचं आणि पावसाची वाट बघायची. माझ्या माहेरी येळ्ळूरला मे संपत आला की सगळ्या गावाचं लक्ष आभाळाकडे. वळवाची एखादी हलकी सर येऊन गेली तर बायका म्हणतात, "फसवू नको रे बाबा." बी एवढ्याशा ओलीवर उगवलं आणि मृग लांबला तर सगळं वाया. म्हणजे 'पाणी पुरेसं आहे का' हा निर्णय बियाला घ्यावा लागतो, आणि त्या वेळी त्याच्यापाशी ना मूळ असतं ना पान.

२०२१ मध्ये 'सेल' या नियतकालिकात एक निबंध आला. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावर वनस्पतिशास्त्रातले बहुतेक प्रयोग होतात. त्याच्या बियांत एफएलओई-१ नावाचं प्रथिन सापडलं. कोरड्या बियात ते विखुरलेलं असतं. बी भिजलं की त्याचे थेंब जमतात, बी वाळवलं की थेंब विरतात, पुन्हा भिजवलं की पुन्हा जमतात. हे प्रथिन काढून टाकलेल्या बिया खारट पाण्यात, म्हणजे उगवू नये अशा परिस्थितीतही जास्त उगवल्या. पाण्याचा अंदाज घेऊन बियाला थोपवून धरण्यात या प्रथिनाचा हात आहे. प्रयोग अरॅबिडॉप्सिसवरचे आहेत, भातावरचे नव्हेत, हे मी मुलांना बजावून सांगते. तरी त्याच्या नात्यातली प्रथिनं इतर वनस्पतींतही आहेत, आणि धूळवाफेचं वावर बघताना मला आता माती वेगळी दिसते.

या विषयात शंका घेणारेही आहेत आणि ते असायलाच हवेत. परीक्षानळीत प्रथिन भरपूर ओतलं तर थेंब जमतो, पण पेशीत तितकं प्रथिन असतं का? गोल दिसलेली प्रत्येक गोष्ट थेंबच असते का? थेंब विरघळवून पाहण्यासाठी हेक्झेनडायॉल नावाचं रसायन सर्रास वापरलं गेलं. ते पेशीतलं आणखी बरंच काही बिघडवतं, असा आक्षेप आता मान्य झाला आहे. २००९ नंतरच्या उत्साहात जिकडेतिकडे थेंब दिसू लागले होते, त्यातले काही टिकणार नाहीत. मला यात खोट वाटत नाही. केंद्रकीचा, पी-कणांचा आणि नेग्री पिंडांचा पुरावा भक्कम आहे, आणि पुढचा अभ्यास त्यांच्याच पायावर चालला आहे.

आता मामांबद्दल लिहिते. येळ्ळूरचे माझे थोरले मामा, भातशेती करणारे. खळ्यावर भाताचं पोतं एकट्यानं उचलून खांद्यावर घेत. एका सुगीत विळा हातातून निसटायला लागला. मग पेला निसटायला लागला, मग बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सांगितलं, एमएनडी, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. मामींनी घास भरवायला सुरुवात केली तेव्हा मामा त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत जेवत.

या रोगात चेतापेशींमध्ये प्रथिनांच्या घट्ट गाठी सापडतात. बहुतेक रुग्णांत त्या टीडीपी-४३ च्या असतात. काही घराण्यांत, जनुकातल्या बदलामुळे, एफयूएस या प्रथिनाच्या. ही दोन्ही प्रथिनं आरएनएला धरणारी आणि थेंब करणारी. २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्याच अविनाश पटेल आणि सहकाऱ्यांनी एफयूएसचे थेंब तयार करून नुसते ठेवून दिले. सुरुवातीला ते एकमेकांत मिसळत होते. काही तासांत मिसळेनासे झाले, आणि त्यांतून तंतू फुटले. एफयूएसमध्ये ५२६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या १५६ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल असलेला प्रकार रुग्णांत सापडलेला आहे; तो कितीतरी लवकर घट्ट झाला. म्हणजे थेंब जमणं हा दोष नव्हे. त्यानं पातळ राहणं सोडलं की अनर्थ सुरू होतो.

मग निरोगी पेशीत हीच प्रथिनं जन्मभर पातळ कशी राहतात? एक उत्तर एटीपीमध्ये आहे. पेशीची ऊर्जा म्हणून आपण तो शिकवतो. पण बहुतेक विकरांना लागतो त्यापेक्षा कितीतरी पट जास्त एटीपी पेशी बाळगून असते. २०१७ मध्ये पटेल यांच्याच गटानं दाखवलं की इतक्या प्रमाणात तो प्रथिनांना विरघळलेलं ठेवायलाही मदत करतो. दुसरं उत्तर शोवमयी महाराणा यांच्या २०१८ च्या कामातून आलं. एफयूएस मुख्यतः केंद्रकात राहतं. तिथं आरएनए इतका असतो की हे प्रथिन विखुरलेलं राहतं. बाहेरच्या पेशीद्रव्यात आरएनए कमी, म्हणून तिथं अडकलेलं एफयूएस गोळा व्हायला मोकळं होतं. थोडा आरएनए थेंब जमवतो, भरपूर आरएनए मोडतो. महाराणा आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. बेळगावहून संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसलं की सकाळी पोचण्याइतकं ते ठिकाण जवळ आहे. मुलांना हे मी मुद्दाम सांगते, कारण ड्रेस्डेन म्हटलं की त्यांचे चेहरे लांब होतात.

मामा गेल्यानंतर एकदा मामींना हे सगळं सांगितलं, शक्य तितकं सोपं करून. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते घट्ट झालेलं परत पातळ करायचं औषध नाही काय ग?"

तसं औषध आज नाही. उलेफनर्सेन नावाचं एक औषध चाचण्यांत आहे, ते पाठीच्या कण्याजवळच्या द्रवात टोचतात. ते एफयूएसच्या संदेश-आरएनएला चिकटून तो नष्ट करवतं, त्यामुळे पेशीत हे प्रथिन कमी तयार होतं. थेंबाचं गणित ज्याला कळलं त्याला यामागचा विचार लगेच पटेल: मर्यादेच्या खाली राहिलं की जमणंच नाही. ज्यांच्या रोगाचं मूळ एफयूएसच्या जनुकात आहे त्यांच्यासाठीच ते आहे, आणि असे रुग्ण थोडे असतात. टीडीपी-४३ च्या बाबतीत एवढा सरळ मार्ग नाही, कारण ते फार कमी केलं तर पेशीच जगत नाही. मामांची जनुकीय तपासणी झालीच नव्हती. मामींना मी हे असंच सांगितलं, काही न लपवता. त्या म्हणाल्या, "थोड्यांसाठी का असेना, कुणीतरी करालंय नव्हे?" आणि त्यांनी मला त्या औषधाचं नाव पुन्हा एकदा, सावकाश उच्चारायला लावलं.